पैलवान, साक्षीदार आणि जामीन

2016 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या तालमींत सुशील कुमारचं नाव रागानं घेतलं जात होतं. आपल्या नरसिंग यादवनं आदल्या सप्टेंबरात लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत 74 किलो गटात कांस्य जिंकून रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली होती. नरसिंग मूळचा उत्तर प्रदेशचा असला तरी मुंबईत घडलेला, लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा उचललेला आणि महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक. दुखापतीमुळे त्या स्पर्धेला मुकलेल्या सुशीलची मागणी होती की आमची दोघांची चाचणी कुस्ती लावा, जिंकेल तो रिओला जाईल. कुस्ती महासंघानं ती मानली नाही. सुशील दिल्ली उच्च न्यायालयात गेला. 6 जूनला त्याची याचिका फेटाळली गेली.

पुढचं जास्त वाईट होतं. जुलैत नरसिंग उत्तेजक चाचणीत सापडला. सोनिपतच्या शिबिरात आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी काही मिसळलं, असं त्यानं सांगितलं. राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेनं ते मानून 1 ऑगस्टला त्याला मोकळं केलं. पण रिओत त्याची कुस्ती व्हायच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादानं पुराव्याअभावी ते नाकारलं आणि चार वर्षांची बंदी घातली. खाण्यात कुणी काही मिसळलं हे कधीच सिद्ध झालं नाही. तरीही गावोगावच्या पारावर लोकांनी आपापला निकाल देऊन टाकला होता, आणि त्या निकालात एकच नाव होतं.

हे आधी सांगायचं कारण असं की पाच वर्षांनी सुशीलला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या बऱ्याच कुस्तीशौकिनांना त्याचं नवल वाटलं नाही. ‘होताच तसा’, म्हणून लोक मोकळे झाले. एका माणसाबद्दलचा जुना राग वेगळा आणि दुसऱ्या गुन्ह्याचा पुरावा वेगळा, हे भान त्या दिवसांत फार थोड्यांना राहिलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली पहिली चूक तिथे झाली, आणि ती पोलिसांनी नव्हे, आपण केली.

ज्या माणसाला आपण इतक्या सहज निकालात काढलं तो कोण होता, हेही लक्षात ठेवायला हवं. दिल्लीच्या नजफगडजवळच्या बापरोला गावातल्या बसचालकाचा हा मुलगा. 2008 साली बीजिंगला त्यानं कांस्य जिंकलं, तेव्हा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला मिळवलेल्या पदकानंतर भारतीय कुस्तीचा 56 वर्षांचा दुष्काळ संपला. 2010 मध्ये मॉस्कोला तो जगज्जेता झाला आणि 2012 मध्ये लंडनला रौप्य घेऊन आला. तापीकाठच्या यात्रांमधल्या कुस्त्यांच्या दंगलीत शड्डू ठोकणाऱ्या पोरांनाही त्याचं नाव तोंडपाठ होतं. खाशाबांच्या पदकाची आठवण देशाला पुन्हा झाली, त्यात सुशीलचा वाटा मोठा आहे.

त्याच खाशाबांच्या नावाच्या दिल्लीतल्या सभागृहात 29 डिसेंबर 2017 रोजी राष्ट्रकुल स्पर्धेची निवड चाचणी होती. सुशीलनं प्रवीण राणाला हरवलं आणि बाहेर दोघांच्या समर्थकांत मारामारी झाली. पोलिसांनी सुशील आणि त्याच्या समर्थकांवर गुन्हा नोंदवला. बातमी चार दिवस चालली आणि विरली. आखाड्याभोवती गट जमतात, वस्तादाच्या शब्दापुढे कुणी जात नाही, पठ्ठे वस्तादासाठी अंगावर यायला तयार असतात, हे कुस्ती जवळून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. ही निष्ठा चांगल्या हाती असेल तर ऑलिंपिकची पदकं देते. छत्रसाल स्टेडियमच्या आखाड्यानं ती दिलीही. महाबली सतपाल यांनी तिथे पोरं घडवली. सुशील त्यांचा शिष्य, पुढे जावई, आणि नंतर रेल्वेतून प्रतिनियुक्तीवर येऊन त्याच स्टेडियमचा अधिकारी. आखाडा सरकारी जागेत, पण सत्ता वस्तादाची. तिथल्या पोराला दाद मागायची तर कुणाकडे, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

4 मे 2021 च्या रात्री दिल्लीत करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. दवाखान्यांत प्राणवायू नव्हता, स्मशानांत जागा नव्हती. त्या रात्री मध्यरात्रीनंतर छत्रसालच्या वाहनतळावर सागर धनखड या 23 वर्षांच्या पैलवानाला आणि त्याच्या साथीदारांना बेदम मारहाण झाली. सागर ग्रीको-रोमन प्रकारातला, कनिष्ठ गटातला माजी राष्ट्रीय विजेता, दिल्ली पोलिसांतल्या एका हवालदाराचा मुलगा. तो दवाखान्यात मरण पावला. पोलिसांचं म्हणणं असं की मॉडेल टाउनमधल्या एका सदनिकेवरून वाद होता, सागर आणि त्याच्या साथीदारांना पळवून स्टेडियमवर आणलं गेलं, आणि मारणाऱ्यांत सुशील स्वतः होता. जागेवर गाड्या आणि एक दुनळी बंदूक सापडली. मारहाणीची मोबाइलवरची चित्रफीतही पोलिसांच्या हाती आली. सुशीलनं आरोप नाकारले आहेत.

त्यानंतर सुशील दिसेनासा झाला. अजामीनपात्र वॉरंट निघालं, माहिती देणाऱ्याला एक लाखाचं बक्षीस जाहीर झालं. 18 मे रोजी रोहिणी न्यायालयानं अटकपूर्व जामीन नाकारला आणि 23 मे रोजी मुंडका भागात तो पकडला गेला. तोंडावर टॉवेल टाकलेला, दोन्ही बाजूंनी पोलिसांनी धरलेला दोन पदकांचा मानकरी त्या दिवशी घराघरांत दिसला. रेल्वेनं निलंबित केलं. वाहिन्यांनी खटला सुरू होण्याआधीच संपवला. माध्यमांना आवर घाला, अशी याचिका दिल्ली उच्च न्यायालयात आली, तिच्यातून काही निघालं नाही.

पुढच्या दोन महिन्यांत कीर्ती आणि कैद यांची जी सरमिसळ झाली, ती मला अटकेपेक्षाही जास्त बोलकी वाटते. त्यानं तुरुंगात पैलवानी खुराक मागितला, न्यायालयानं नाही म्हटलं. जूनमध्ये मंडोली तुरुंगातून तिहारला हलवताना बंदोबस्तातल्या पोलिसांनी त्याच्यासोबत हसऱ्या चेहऱ्यानं छायाचित्रं काढून घेतली. ती छायाचित्रं सागरच्या आईबापांनीही पाहिली असतील. ज्यांनी आरोपीला सांभाळायचं तेच त्याचे चाहते असतील, तर त्याच्याविरुद्ध बोलायला उभा राहणारा साक्षीदार कुणाकडे बघून धीर धरणार? जुलैत तुरुंगानं टोकियो ऑलिंपिक बघायला दूरचित्रवाणी संचाची सोय केली. 5 ऑगस्टला छत्रसालच्याच रवी दहियानं तिथे रौप्य जिंकलं.

खेळाडू आणि खून हे प्रकरण जगात नवं नाही, आणि प्रत्येक देशाची न्यायव्यवस्था त्यात आपला स्वभाव दाखवून गेली आहे. वेस्ट इंडिजचा वेगवान गोलंदाज लेस्ली हिल्टन यानं पत्नीचा खून केला आणि 17 मे 1955 रोजी जमैकात त्याला फाशी झाली. फाशी गेलेला तो एकमेव कसोटी क्रिकेटपटू. त्याच सुमारास बार्बाडोसला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी चालली होती, होल्ट नावाच्या खेळाडूनं झेल सोडले, आणि प्रेक्षकांनी ‘होल्टला फाशी द्या, हिल्टनला वाचवा’ असा फलक उंचावला. कायद्यानं मात्र हिल्टनची कीर्ती हिशेबात धरली नाही. अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन 1995 मध्ये खुनाच्या खटल्यातून निर्दोष सुटला आणि दोन वर्षांनी दिवाणी न्यायालयानं त्याच मृत्यूंची जबाबदारी त्याच्यावर ठेवली. दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याला आधी सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, मग वरच्या न्यायालयानं तो खूनच ठरवला. तेरा वर्षं पाच महिन्यांच्या शिक्षेतून जानेवारी 2024 मध्ये तो पॅरोलवर बाहेर आला.

आपल्याकडचं मोजमाप मात्र नवज्योत सिद्धूच्या खटल्यात दिसतं. 27 डिसेंबर 1988 रोजी पतियाळात रस्त्यावरच्या वादात 65 वर्षांच्या गृहस्थाला मार बसला आणि त्यांचा मृत्यू झाला. सिद्धू तेव्हा पंचविशीत, भारताकडून खेळलेला. 1999 मध्ये सुटका, 2006 मध्ये तीन वर्षांची शिक्षा, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून फक्त हजार रुपये दंड, आणि 19 मे 2022 रोजी पुनर्विलोकनात एक वर्षाची सक्तमजुरी. घटनेपासून शिक्षेपर्यंत 33 वर्षांहून जास्त काळ गेला. त्या शेवटच्या निकालात न्यायालयानं एक फार महत्त्वाची गोष्ट नोंदवली: मुष्टियोद्धा, पैलवान, क्रिकेटपटू किंवा अतिशय धडधाकट माणूस यांचा हातही शस्त्र ठरू शकतो. छत्रसालच्या घटनेला तेव्हा एक वर्ष झालं होतं.

सुशीलचा खटला आपल्या रीतीनं चालला. 2021 च्या ऑगस्टमध्ये दोषारोपपत्र, आणि आरोपनिश्चिती थेट ऑक्टोबर 2022 मध्ये. खून, खुनाचा प्रयत्न, दंगल, कट, शस्त्र कायदा अशी कलमं लागली, सुशीलसह 18 जण आरोपी ठरले. दरम्यान 2023 मध्ये वडिलांच्या अंत्यविधीसाठी आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला काही दिवसांचा जामीन मिळाला. साक्षी रखडत होत्या. 4 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संजीव नरुला यांनी त्याला नियमित जामीन दिला. साडेतीन वर्षं आत काढली, खटला लवकर संपायची चिन्हं नाहीत, असा त्यामागचा विचार. 50 हजारांचा जातमुचलका आणि दोन जामीनदार.

हा जामीन सागरच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. 13 ऑगस्ट 2025 रोजी न्यायमूर्ती संजय करोल आणि प्रशांतकुमार मिश्रा यांच्या खंडपीठानं तो रद्द केला आणि आठवड्यात शरण यायला सांगितलं. गुन्ह्याचं गांभीर्य, सुरुवातीचं फरार होणं आणि साक्षीदारांवरचा दबाव ही कारणं त्यांनी दिली. तोवर तपासलेल्या साक्षीदारांपैकी बहुतेक फितूर झाले होते. आरोपी नामवंत पैलवान आहे, समाजात त्याचं वजन आहे, आणि त्या वजनाचा परिणाम साक्षींवर होऊ शकतो, हे न्यायालयानं स्पष्ट म्हटलं. ऑगस्टमध्येच तो पुन्हा आत गेला.

मला हा निर्णय योग्य वाटतो. पण उच्च न्यायालयाची चिंताही खोटी नव्हती. शिक्षा न झालेला माणूस वर्षानुवर्षं कोंडून ठेवणं हा अन्यायच आहे, मग तो माणूस आपल्याला आवडो न आवडो. ‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1977 मध्ये सांगितलेलं तत्त्व आरोपीच्या लोकप्रियतेवर बदलत नाही. प्रश्न इतकाच की जामीन देताना काय जोखायचं. आरोपी कोण आहे, त्याचं घर केवढं, त्याची पदकं किती, हे जोखलं तर एकतर त्याला झुकतं माप मिळतं, नाहीतर सूडानं जास्त कोंडलं जातं. जोखायचं ते असं: याला कोण घाबरतं? बाहेर आला तर कुणाची जीभ अडखळेल? सुशीलच्या बाबतीत याचं उत्तर साक्षीदारांच्या पिंजऱ्यातच मिळालं होतं.

हाच प्रश्न आता नंदुरबार जिल्ह्यात आणून पाहा. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, सुमारे सत्तर टक्के आदिवासी वस्तीचा. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात. अशा टोळीतला एखादा माणूस मारामारीत अडकला, तर त्याचा खटला ज्या मराठीत चालतो ती त्याच्या घरची भाषा नसते. घरात भिली किंवा पावरी बोलली जाते. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार पाहिजे, त्याचा सातबारा पाहिजे, तहसीलदाराची सॉल्व्हन्सी पाहिजे. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणाऱ्यांच्या नावे सातबारा नव्हताच; वनहक्क कायदा आला 2006 मध्ये. तारखेला हजर राहायचं तर बारडोलीच्या फडातून मुकादमाची उचल अंगावर ठेवून यावं लागतं. एक तारीख चुकली की वॉरंट. या माणसाला कुणी घाबरत नाही. त्याच्या धाकानं एकही साक्षीदार फितूर होणार नाही. तरी आत राहतो तोच.

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजारांवर कैदी होते आणि त्यांतले 4 लाख 34 हजार कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले. चारांतले तीन. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला, संविधान दिनाच्या समारंभात, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसमोर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू लिहून आणलेलं भाषण सोडून बोलल्या. किरकोळ गुन्ह्यांत वर्षानुवर्षं आत असलेल्या, ना हक्क ठाऊक ना कर्तव्य ठाऊक अशा गरीब माणसांसाठी काहीतरी करा, असं त्यांचं कळकळीचं सांगणं होतं. संथाळ घरातून आलेल्या बाईंनी ते सांगितलं, म्हणून ते नंदुरबारच्या कानाला जास्त जवळून ऐकू आलं असणार. दोनच महिन्यांनी, 31 जानेवारी 2023 रोजी, सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले: जामीन मंजूर होऊनही महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयानं स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा, स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये. केंद्र सरकारनं गरीब कैद्यांच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंत मदतीची योजनाही आणली.

हे सगळं नवं वाटतं, पण नाही. 1978 मध्येच मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला होता, आणि त्याचा भाऊ जामीनदार म्हणून उभा राहिला तर ‘दुसऱ्या जिल्ह्यातला’ म्हणून नाकारला गेला होता. कृष्ण अय्यर यांनीच तेव्हा खडसावलं होतं की आपल्याच देशातला माणूस दुसऱ्या जिल्ह्यात परका कसा होतो. पंचेचाळीस वर्षांनी न्यायालयाला तेच पुन्हा सांगावं लागलं. निर्देश दिल्लीत निघतात. ते धडगावच्या कोर्टाच्या पायरीवर पोचायला त्यांच्यामागे एक जागरूक वकील आणि वेळ असलेला न्यायाधीश लागतो.

साक्षीदारांचं दुखणंही असंच जुनं. गुजरातच्या बेस्ट बेकरी खटल्यात साक्षीदार फितूर होऊन सगळे आरोपी सुटले, तेव्हा 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेरखटला महाराष्ट्रात आणला आणि 24 फेब्रुवारी 2006 रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांना शिक्षा झाली. भीती जिथे आहे तिथून साक्षीदाराला दूर नेलं की सत्य बोलायला जीभ उठते, हे त्या खटल्यानं दाखवलं. पुढे महाराष्ट्रानं 2017 मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी योजना लागू केली. त्यात ओळख लपवणं, निवासस्थान बदलणं, पोलिस बंदोबस्त, सगळं आहे. पण छत्रसालचे साक्षीदार त्यानंतरच फितूर झाले. योजना कागदावर असणं आणि स्टेडियमच्या आवारात वाढलेल्या पोराला रात्री झोप लागणं यांत अंतर आहे. तो पोरगा उद्या पुन्हा कुस्तीच करणार असतो. ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांच्याच माणसांसमोर त्याला लंगोट लावून उतरायचं असतं. त्याला पत्ता बदलून देता येतो, आखाडा कसा बदलून देणार?

कुस्तीचा कारभार पाहणाऱ्यांनी या बाजूनं काहीच केलं नाही, याचा मला सर्वात जास्त राग आहे. खुनाचा खटला पोलिस आणि न्यायालय चालवतील. पण सरकारी आखाड्यात वस्तादाच्या हाती किती सत्ता असावी, तिथे राहणाऱ्या पोरांची तक्रार बाहेरच्या कुणी ऐकावी की नाही, हे प्रश्न क्रीडा खात्याचे आणि महासंघाचे होते. सागर मेला तेव्हा ते विचारायला हवे होते. उलट त्या उन्हाळ्यात सगळी चर्चा एकाच माणसाची झाली: तो कुठे लपला, काय खातो, तुरुंगात काय बघतो. मरणाऱ्याचं नावही बातमीच्या तिसऱ्या वाक्यात येत होतं.

सागरच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धडक मारली. जामिनाच्या वेळी पीडिताच्या कुटुंबालाही बाजू मांडण्याचा हक्क आहे, हे 2022 मध्ये लखीमपूर खीरीच्या प्रकरणात न्यायालयानं ठळक केलं होतं. या बापानं तो हक्क वापरला. ते स्वतः पोलिस दलातले, दिल्लीतच राहणारे. पोलिस ठाणं आणि कोर्ट ही त्यांच्यासाठी परकी जागा नव्हती. तोरणमाळच्या वाडीवरच्या बापाचा मुलगा असा मारला गेला आणि आरोपी जामिनावर सुटला, तर त्याला ते कळवणार कोण, हे मला सांगता येत नाही. हक्क दोघांचा एकच.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 1 जुलै 2024 पासून एक सवलत आली आहे: आधी कधीही कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसानं कमाल शिक्षेच्या मुदतीचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जामिनावर सोडावं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. म्हणजे खुनाचा आरोप असलेल्या कच्च्या कैद्याला, मग तो सुशील असो की सातपुड्यातला ऊसतोड्या, खटला संपण्याखेरीज हक्कानं मागता येईल अशी दुसरी वाट नाही. साक्षी सुरू झाल्या की सुनावणी रोजच्या रोज चालवावी, असं हीच संहिता सांगते, आणि आधीची फौजदारी संहिताही तेच सांगत होती. रोहिणीच्या न्यायालयात सुशील कुमार अजून आरोपी आहे, गुन्हेगार नाही. त्याच्याविरुद्धचे उरलेले साक्षीदार ओळीनं, दिवसामागून दिवस, बंदोबस्तात पिंजऱ्यात आणले गेले पाहिजेत. नंदुरबारच्या सत्र न्यायालयात ज्या कच्च्या कैद्यांच्या तारखा पुढे ढकलल्या जात आहेत, त्यांच्यासाठीही हीच मागणी आहे, आणि त्यांच्या खटल्यांत तर बंदोबस्ताचीही गरज नाही.